सेलेनियम टेस्टमधल्या हेल्पर फंक्शन्सची गर्दी कशी आवरायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: पायथन, पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) आणि सेलेनियम (कोडमधून ब्राउझर चालवणारं साधन) वापरून एका वेबसाइटच्या टेस्ट लिहिल्या आहेत. हेल्पर्सच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या मदतनीस फंक्शन्सच्या, फाइलमध्ये क्लिक_बाय_आयडी, क्लिक_बाय_एक्सपाथ, वेट_अँड_क्लिक_बाय_आयडी, टाइप_बाय_नेम, गेट_टेक्स्ट_बाय_सीएसएस अशी साठेक फंक्शन्स जमली आहेत. प्रत्येकात तेच ट्राय-एक्सेप्ट, तोच वेट, तोच स्क्रीनशॉट. हे सगळं मिळून एकच फंक्शन करता येईल का?

करता येईल, पण करू नका. साठाची सात-आठ होतील आणि तिथेच थांबणं शहाणपणाचं आहे. एकच फंक्शन केलं तर साठ फंक्शन्समधला गुंता एका फंक्शनच्या पॅरामीटर्समध्ये जाऊन बसतो आणि तिथे तो सोडवणं जास्त अवघड असतं.

(खाली फंक्शन्सची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये असतील.)

फुगवटा कुठून येतो

या साठ फंक्शन्सकडे नीट पाहिलं तर त्यांत तीनच गोष्टी बदलतात. एलिमेंट (पानावरचं बटण, इनपुट यांसारखा घटक) कसं शोधायचं, ते कोणत्या स्थितीत येईपर्यंत थांबायचं, आणि मग त्याचं काय करायचं. सेलेनियममध्ये शोधण्याच्या रूढ पद्धती 8 आहेत: आयडी, नेम, क्लास नेम, टॅग नेम, सीएसएस सिलेक्टर, एक्सपाथ (पानाच्या रचनेतून घटकापर्यंतचा पत्ता), लिंक टेक्स्ट आणि पार्शल लिंक टेक्स्ट. थांबण्याच्या नेहमीच्या स्थिती 4 धरा: पानात असणं, दिसणं, क्लिक करण्याजोगं होणं, नाहीसं होणं. कृती 5 धरा: क्लिक, टाइप, वाचणं, यादीतून निवडणं, फाइल जोडणं. या तीन गोष्टी फंक्शनच्या नावातच कोंबल्या की 8 गुणिले 4 गुणिले 5, म्हणजे 160 फंक्शन्सची जागा तयार होते. तुमची साठ झाली आहेत कारण उरलेली शंभर अजून कुणाला लागली नाहीत, एवढंच. तिन्ही गोष्टी सुट्या केल्या की गुणाकाराची बेरीज होते. फंक्शन फक्त कृतीपुरतं उरतं. शोधायची पद्धत आणि थांबायची स्थिती आर्ग्युमेंट म्हणून आत येतात.

या नावांचं मूळ बहुतेक वेळा जुन्या सेलेनियममध्ये असतं. पायथनच्या बाइंडिंगमध्ये (पायथनमधून सेलेनियम वापरायच्या लायब्ररीत) पूर्वी फाइंड_एलिमेंट_बाय_आयडी, फाइंड_एलिमेंट_बाय_नेम अशा वेगवेगळ्या मेथड होत्या आणि लोकांनी त्याच धर्तीवर आपले हेल्पर बांधले. 2021 मध्ये आलेल्या सेलेनियम 4 मध्ये त्या मेथड कालबाह्य ठरवल्या गेल्या आणि 2022 मधल्या 4.3 आवृत्तीत काढूनच टाकल्या. आता फाइंड_एलिमेंट ही एकच मेथड आहे आणि तिला पद्धत व मूल्य अशी दोन आर्ग्युमेंट द्यायची. लायब्ररीने आपला पसारा आवरला, आपल्या फाइलमध्ये मात्र तो तसाच राहिला.

लोकेटर हे मूल्य आहे, त्याला फंक्शनच्या नावात जागा नको

पहिली दुरुस्ती सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त ओळी वाचवणारी. लोकेटर म्हणजे पद्धत आणि मूल्य यांचं टपल (जोडी). उदाहरणाला वीजबिल भरण्याचं एक पान घेऊ: ग्राहक क्रमांक टाकायचा, 'बिल पाहा' दाबायचं, रक्कम दिसली की 'भरा' दाबायचं. या पानाच्या क्लासमध्ये वर ओळीने लोकेटर लिहा:

ग्राहक_क्रमांक = (बाय.आयडी, "कन्झ्युमर-नंबर")
बिल_पाहा = (बाय.सीएसएस_सिलेक्टर, "[डेटा-टेस्टआयडी='व्ह्यू-बिल']")
रक्कम = (बाय.सीएसएस_सिलेक्टर, ".बिल-अमाउंट")

आता क्लिक(बिल_पाहा) लिहिताना मागे आयडी आहे की एक्सपाथ हे हेल्परला ठाऊक असायची गरज नाही. उद्या डेव्हलपरने आयडी बदलून डेटा-टेस्टआयडी (टेस्टसाठी मुद्दाम ठेवलेली खूण) दिला तर एक ओळ बदलते. जुन्या रचनेत मूल्याबरोबर फंक्शनचं नावही बदलावं लागायचं, तेही प्रत्येक टेस्टमध्ये.

'आयडीने शोधणं वेगवान, म्हणून त्याचा हेल्पर वेगळा' असा एक समज अजून ऐकू येतो. डब्ल्यू3सी या वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वेबड्रायव्हर प्रमाणकात, म्हणजे ब्राउझर बाहेरून कसा चालवायचा याच्या नियमांत, शोधण्याच्या पद्धती पाचच आहेत: सीएसएस, लिंक टेक्स्ट, पार्शल लिंक टेक्स्ट, टॅग नेम आणि एक्सपाथ. आयडी, नेम आणि क्लास नेम यांचं पायथनचं बाइंडिंग ब्राउझरकडे पाठवण्याआधीच सीएसएसमध्ये रूपांतर करतं. त्यामुळे तो युक्तिवाद इथे लागू पडत नाही. याच कारणाने क्लास नेममध्ये जागा सोडून दोन क्लास दिले की शोध फसतो; तिथे सीएसएस सिलेक्टरच वापरा.

बदलत्या मजकुरासाठी, म्हणजे 'या नावाच्या ओळीतलं एडिट बटण' अशा गोष्टींसाठी, टपल परत करणारं छोटं फंक्शन लिहा: एडिट_बटण(नाव). त्यात एक्सपाथ असेल तर एक खड्डा लक्षात ठेवा. ब्राउझरमधल्या एक्सपाथ 1.0 मध्ये अवतरणचिन्ह एस्केप करायची सोयच नाही. टेस्ट डेटामध्ये गोव्यातलं 'डिसूझा' आडनाव रोमन लिपीत, मधल्या अपॉस्ट्रॉफीसह आलं की एकेरी अवतरणात बांधलेला एक्सपाथ तुटतो. मजकूर दुहेरी अवतरणात ठेवा, आणि दोन्ही चिन्हं येण्याची शक्यता असेल तर कॉन्कॅट वापरून तुकडे जोडणारं एक फंक्शन लिहून सगळीकडे तेच वापरा. असा हेल्पर पाच ओळींचा असला तरी ठेवण्यालायक आहे.

इथे बरेच हुशार लोक भलत्याच वाटेला लागतात. लूप फिरवून सेट-अ‍ॅट्रने किंवा पार्शल-मेथडने क्लिक_बाय_आयडीपासून सगळी फंक्शन्स आपोआप तयार करतात. फाइल साठ ओळींची होते खरी, पण एडिटरमध्ये नावावर क्लिक केलं की व्याख्या सापडत नाही, शोध घेतला तर ते नाव कोडमध्ये कुठेच नसतं, आणि नवा माणूस अर्धा दिवस डोकं खाजवत बसतो. ओळी कमी झाल्या, 160 नावं मात्र जिवंतच राहिली.

थांबण्याचं काम एकाच जागी

दुसरी दुरुस्ती म्हणजे वेटचा सगळा कारभार एका फाइंडमध्ये आणणं:

डेफ फाइंड(सेल्फ, लोकेटर, कंडिशन=व्हिजिबल, टाइमआउट=10):
  मेसेज = लोकेटर, टाइमआउट आणि सध्याचा यूआरएल यांचं वाक्य
  रिटर्न वेबड्रायव्हरवेट(सेल्फ.ड्रायव्हर, टाइमआउट).अंटिल(कंडिशन(लोकेटर), मेसेज)

मेसेजची ओळ गाळू नका. वेबड्रायव्हरवेटला मेसेज दिला नाही तर टाइमआउट-एक्सेप्शनमध्ये 'मेसेज' या शब्दापुढे बहुतेक वेळा काहीच नसतं. रात्रीच्या रनमध्ये चौदा टेस्ट पडल्या आणि चौदाही ठिकाणी रिकामा मेसेज आला, की सकाळी कोणतं बटण सापडलं नाही हे शोधण्यातच वेळ जातो. हीच गोष्ट साठ हेल्परमध्ये नीट करायची तर साठ ठिकाणी करावी लागली असती.

डीफॉल्ट स्थिती 'दिसणं' ठेवा. 'पानात असणं' ही अट फार लवकर पुरी होते. एलिमेंट डॉममध्ये (ब्राउझरने बांधलेल्या पानाच्या रचनेत) येतं पण डिस्प्ले-नन, म्हणजे लपवलेलं, असतं, आणि पुढच्या क्लिकला एलिमेंट-नॉट-इंटरॅक्टेबल येतं. अपवाद फाइल जोडण्याच्या इनपुटचा. तो अनेक साइट मुद्दाम लपवतात आणि वर सुंदर बटण ठेवतात, तेव्हा तिथे 'पानात असणं' हीच अट योग्य. फाइलचा पूर्ण पाथ सेंड-कीजने थेट त्या लपलेल्या इनपुटला द्यायचा. सुंदर बटणावर क्लिक करून ऑपरेटिंग सिस्टिमची खिडकी उघडली तर सेलेनियमला ती बंद करता येत नाही.

वेबड्रायव्हरवेट दर अर्ध्या सेकंदाला तपासतो आणि एलिमेंट न सापडल्याचं एक्सेप्शन स्वतःच गिळतो. तेव्हा हेल्परमध्ये त्यासाठी वेगळा ट्राय-एक्सेप्ट लावायचं कारण नाही. तुमच्या साठ फंक्शन्सपैकी बहुतेकांतला तो भाग सरळ पुसता येईल.

इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागणारा थांबा) लावला असेल तर तो काढा. सेलेनियमच्या अधिकृत दस्तऐवजातच दोन्ही वेट मिसळू नका असा इशारा आहे: इम्प्लिसिट 10 सेकंद आणि एक्सप्लिसिट (वरच्या फाइंडसारखा, ठरावीक अटीसाठीचा) 15 सेकंद ठेवले तर टाइमआउट 20 सेकंदांनी होऊ शकतो. कारण सरळ आहे. एक्सप्लिसिट वेटचा प्रत्येक फेरा आत जाऊन फाइंड_एलिमेंट करतो आणि तो स्वतःच 10 सेकंद अडकून बसतो. पंधराव्या सेकंदाला बाहेर पडायचं तर आतला फेरा सुटायला हवा. 'नाहीसं होईपर्यंत थांब' या अटीवर तर इम्प्लिसिट वेट फारच महाग पडतो, कारण गोष्ट नाहीशी झालेली असतानाही तो ती सापडेल या आशेवर थांबून राहतो. मात्र इम्प्लिसिट वेट एका झटक्यात शून्य करू नका. त्याच्या जोरावर तग धरून असलेल्या टेस्ट त्याच दिवशी कोसळतील. आधी त्या फाइंडवर आणा, मग शून्य करा.

विचारणं आणि बजावणं

ट्राय-एक्सेप्ट करून फॉल्स परत करणारे हेल्पर ही या फायलींमधली सर्वांत घातक सवय आहे. क्लिक_बाय_आयडीने बटण न सापडल्यावर फॉल्स परत केलं, टेस्टने ते परतमूल्य पाहिलंच नाही, आणि चूक तीन पायऱ्या पुढे 'रक्कम जुळत नाही' अशा भलत्याच वेषात बाहेर आली. बजावणारा हेल्पर, म्हणजे क्लिक कर, टाइप कर असं सांगणारा, त्याने एक तर काम करावं नाही तर एक्सेप्शन फेकावं. विचारणारा हेल्पर, म्हणजे इज_व्हिजिबल, त्यानेच ट्रू-फॉल्स परत करावं.

विचारणाऱ्यातही एक छुपा खर्च असतो. 'एरर दिसत नाही ना?' हे तपासायला इज_व्हिजिबल 10 सेकंदांच्या टाइमआउटसह बोलावलं, तर एरर नसलेल्या प्रत्येक वेळी, म्हणजे सगळं नीट चालू असताना, टेस्ट पूर्ण 10 सेकंद बसून राहते. 40 ठिकाणी असं असेल तर प्रत्येक रनमध्ये 400 सेकंद वाया. त्यामुळे दोन वेगळे हेल्पर ठेवा: इज_व्हिजिबल, जो न थांबता आत्ताची स्थिती सांगतो, आणि वेट_गॉन, जो गोष्ट नाहीशी होईपर्यंत थांबतो व नाहीशी होताच लगेच पुढे जातो. 'एरर आला नाही' हे सिद्ध करायचं असेल तर आधी होकारार्थी खूण पाहा, म्हणजे 'बिल भरलं' हा संदेश दिसेपर्यंत थांबा, आणि मग इज_व्हिजिबल विचारा. फॉर्म पाठवल्या क्षणी विचारलं तर एरर यायचाच बाकी असतो आणि टेस्ट खोटी पास होते.

क्लिक: सगळे तापदायक प्रसंग इथेच

एलिमेंट_टू_बी_क्लिकेबल या नावावर जाऊ नका. ती अट एवढंच पाहते की एलिमेंट दिसतं आहे आणि डिसेबल्ड नाही. त्याच्यावर लोडिंगचा पडदा, कुकीची पट्टी किंवा चॅटचा गोळा आला आहे का, हे ती तपासत नाही. ते कळतं प्रत्यक्ष क्लिकच्या वेळी. ड्रायव्हर आधी एलिमेंट नजरेच्या टप्प्यात सरकवतो, मग त्याच्या दिसणाऱ्या भागाच्या मध्यबिंदूवर वर कोण आहे ते बघतो, आणि दुसरंच काही असेल तर एलिमेंट-क्लिक-इंटरसेप्टेड फेकतो. प्रमाणकानुसार हे सरकवणं असं होतं की एलिमेंट खिडकीच्या खालच्या कडेला येतं. म्हणून खाली चिकटलेली पट्टी असलेल्या साइटवर हा त्रास जास्त होतो. उपाय दोन: कुकीची पट्टी टेस्टच्या सुरुवातीलाच, फिक्स्चरमध्ये (टेस्टआधी चालणाऱ्या तयारीच्या कोडमध्ये), एकदा बंद करा, आणि तरीही अडत असेल तर क्लिकआधी स्क्रोल-इन्टू-व्ह्यूला 'ब्लॉक सेंटर' देऊन एलिमेंट मध्यावर आणा.

जावास्क्रिप्टने क्लिक करणं हा तिसरा उपाय बहुतेक हेल्पर फायलींमध्ये दबा धरून बसलेला असतो. साधा क्लिक फसला की एक्सेप्टमध्ये एक्झिक्यूट-स्क्रिप्ट. तो काढून टाका. बटणावर पडदा आल्यामुळे माणसाला ते दाबता येत नसेल तर तो साइटमधला दोष आहे. जावास्क्रिप्ट पडद्याखालूनही क्लिक करतं आणि टेस्ट हिरवी दाखवतं.

स्टेल-एलिमेंटचं, म्हणजे शिळ्या झालेल्या एलिमेंटचं, एक्सेप्शन येतं ते वेगळ्या कारणाने. रिअ‍ॅक्टसारखी लायब्ररी पान पुन्हा रेखाटताना जुना डॉम नोड फेकून तसाच दिसणारा नवा बसवू शकते. आपल्या हातातला एलिमेंट त्या फेकलेल्या नोडचा असतो. म्हणून एलिमेंट व्हेरिएबलमध्ये साठवून फिरवू नका, लोकेटर फिरवा. आणि क्लिकमध्ये 'शोध आणि दाब' ही जोडी एकत्र पुन्हा करा:

डेफ क्लिक(सेल्फ, लोकेटर, टाइमआउट=10):
  शेवटची वेळ = आत्ता + टाइमआउट
  लूप: फाइंड(लोकेटर, क्लिकेबल, उरलेला वेळ) करून क्लिक, झालं तर रिटर्न
  स्टेल किंवा इंटरसेप्टेड आलं आणि वेळ उरला आहे: 0.2 सेकंद थांबून पुन्हा
  वेळ संपला: तेच एक्सेप्शन वर जाऊ द्या

इथे 'तीन वेळा प्रयत्न' असं मोजण्यापेक्षा एक अंतिम वेळ ठरवणं बरं. तीन प्रयत्न आणि प्रत्येकाला 10 सेकंदांचा वेट म्हटलं की न सापडणाऱ्या बटणावर टेस्ट अर्धा मिनिट घालवते.

पुन्हा प्रयत्न कोणत्या एक्सेप्शनवर करायचा हा खरा नाजूक मुद्दा. इंटरसेप्टेड आणि स्टेल ही दोन्ही क्लिक पानापर्यंत पोहोचण्याआधी येतात, त्यामुळे त्यांच्यावर पुन्हा दाबणं सुरक्षित आहे. पण क्लिकनंतर पुढचं पान वेळेत लोड झालं नाही म्हणून टाइमआउट आला तर क्लिक कदाचित झालेलाही असतो. तिथे सरसकट 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लावून पुन्हा 'भरा' दाबलं की त्याच बिलाचे पैसे दोनदा भरण्याचा प्रयत्न होतो, आणि टेस्ट पडते ती 'हे बिल आधीच भरलं आहे' या संदेशाने. मग दोन दिवस लोक सर्व्हरमध्ये दोष शोधतात. रिट्राय देणारा डेकोरेटर (फंक्शनभोवती चढवायचं वेष्टण) सगळ्या हेल्परवर एकसारखा चिकटवू नये तो यासाठीच.

टाइपमध्ये क्लिअर आणि सेंड-कीज ही जोडी नेहमीची. त्यात एक बारकावा आहे: प्रमाणकातली क्लिअर ही कृती इनपुटवर फोकस नेते, मजकूर पुसते आणि फोकस काढूनही घेते. फोकस जाताच अनेक फॉर्म 'ग्राहक क्रमांक आवश्यक आहे' असा संदेश दाखवतात, आणि त्या संदेशाने पानाची मांडणी खाली सरकते. तसं होत असेल तर कंट्रोल-ए, मग डिलीट, मग मजकूर असं पाठवा. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. स्वतः हायफन किंवा स्वल्पविराम घालणाऱ्या इनपुटमध्ये शेवटी व्हॅल्यू वाचून तपासा, पण ही तपासणी टाइपमध्ये सगळ्यांसाठी घालू नका. पासवर्ड, तारीख, रक्कम यांचं स्वरूप पान स्वतः बदलतं आणि तिथे ती विनाकारण पडेल.

सिलेक्टबद्दल थोडक्यात: सेलेनियमचा सिलेक्ट क्लास फक्त खऱ्या सिलेक्ट टॅगवर चालतो, इतरत्र अनएक्स्पेक्टेड-टॅग-नेम येतं. डिव्हने बनवलेल्या ड्रॉपडाउनसाठी दुसरा हेल्पर लिहा. दोन्ही एकाच फंक्शनमध्ये 'जमेल तसं' हाताळू नका.

जे सारखं दिसतं ते सारखंच असतं असं नाही

इथवर यंत्रणा एकत्र केली. आता लॉगिन_अ‍ॅज_अ‍ॅडमिन, लॉगिन_अ‍ॅज_कस्टमर, लॉगिन_विथ_राँग_पासवर्ड यांसारखे वरच्या पातळीवरचे हेल्पर. पहिली दोन एकत्र करा: लॉगिन(युजर), आणि युजर हा नाव, पासवर्ड आणि भूमिका असलेला डेटाक्लास. तिसरं मात्र वेगळंच राहू द्या. पहिल्या दोघांना डॅशबोर्ड दिसेपर्यंत थांबायचं आहे, तिसऱ्याला चूक झाल्याचा संदेश दिसेपर्यंत. ते लॉगिनमध्ये घुसवायचं तर 'एक्स्पेक्ट_फेल=ट्रू' असा झेंडा लागतो. एका झेंड्याने दोन वाटा होतात, तीन झेंड्यांनी आठ, आणि त्या आठ वाटांना कुणीच टेस्ट लिहिलेली नसते. क्लिक(लोकेटर, स्क्रोल=ट्रू, जेएस=फॉल्स, इग्नोर=ट्रू) अशी सही (फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर्सची यादी) दिसली की ते एक फंक्शन नसून अनेक आहेत असं समजा. कसोटी अशी लावा: टेस्टमध्ये हेल्परला ट्रू किंवा फॉल्स थेट लिहून पाठवत असाल तर बहुधा दोन नावं हवी आहेत.

फॉर्म भरण्याचे हेल्पर डिक्शनरीने छान आटोपतात. लोकेटर आणि मूल्य यांच्या जोड्या, एक लूप, आत टाइप. पायथन 3.7 पासून डिक्शनरी घातलेला क्रम राखते, त्यामुळे क्रमाची हमी आहे. पण जिल्हा, तालुका, गाव अशी एकमेकांवर अवलंबून असलेली तीन ड्रॉपडाउन आली की हा लूप सोडा. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी सर्व्हरकडून येते. तालुक्याचा ड्रॉपडाउन तर आधीपासूनच दिसत असतो, म्हणून 'दिसेपर्यंत थांब' ही अट लगेच पुरी होते आणि रिकाम्या यादीत 'हवेली' शोधायचा प्रयत्न फसतो. थांबायचं ते ड्रॉपडाउनसाठी नाही, त्यातला हवा तो पर्याय येण्यासाठी. पत्ता_निवडा(जिल्हा, तालुका, गाव) असा स्वतंत्र हेल्पर लिहा आणि ही समज त्यात बंदिस्त करा.

स्क्रीनशॉट आणि असर्ट हेल्परमधून बाहेर

प्रत्येक एक्सेप्टमध्ये स्क्रीनशॉट घेणाऱ्या ओळी हा साठ फंक्शन्समधला दुसरा मोठा गठ्ठा. पायटेस्टमध्ये कॉन्फटेस्ट या सामायिक फाइलमधला रनटेस्ट-मेकरिपोर्ट हा हुक (ठरावीक क्षणी आपोआप चालणारं फंक्शन) प्रत्येक टेस्टचा निकाल देतो. टेस्ट पडली असेल तर तिथेच एकदा स्क्रीनशॉट, यूआरएल आणि पानाचा सोर्स साठवा. हेल्परला ब्राउझरशिवाय दुसरं काहीच ठाऊक नको.

असर्ट (अपेक्षा खरी ठरली का ते तपासणारी ओळ) शक्यतो टेस्टमध्येच ठेवा, त्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. असर्ट फसल्यावर डावी-उजवी बाजू उलगडून दाखवण्याची पायटेस्टची करामत टेस्ट फायली, कॉन्फटेस्ट आणि प्लगइन यांनाच आपोआप लागू होते. साध्या हेल्पर्स मॉड्यूलमधला असर्ट नुसता 'असर्शन-एरर' म्हणून संपतो. तिथे ठेवायचेच असतील तर ते मॉड्यूल इम्पोर्ट होण्याआधी, कॉन्फटेस्टमध्ये, रजिस्टर_असर्ट_रीराइटला त्याचं नाव द्या. आणि बजावणाऱ्या हेल्परच्या आत ट्रेसबॅकहाइड हे दोन-दोन अंडरस्कोरचं व्हेरिएबल ट्रू केलं की पायटेस्टच्या रिपोर्टमध्ये हेल्परच्या पायऱ्या लपतात व टेस्टमधली ओळच समोर येते. हे लपवणं मात्र सगळे हेल्पर स्थिरावल्यानंतर करा. आधी केलंत तर हेल्परमधला दोष शोधताना स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधाल.

मराठी मजकूर असलेल्या साइटची टेस्ट करत असाल तर मजकूर वाचणारा रीड हा हेल्पर थोडा जास्त शहाणा हवा. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका कोडचंही असतं आणि र व नुक्ता अशा दोन कोडचंही. डोळ्याला सारखं, तुलनेत वेगळं. युनिकोड-डेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझला एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं रूप) दिलं की दोन्हींचा एकच कोड होतो. जोडाक्षरांत कुणी टाकलेले अदृश्य झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडणारं आणि सुटी ठेवणारं चिन्ह) मात्र एनएफसीने जात नाहीत, ते वेगळे काढावे लागतात, आणि तेही फक्त तुलनेसाठी. रकमेत देवनागरी अंक असतील तर घाबरू नका: पायथनचा इंट '५००' चं 500 करतो. फक्त 1,00,000 मधले स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह आणि न तुटणारी मोकळी जागा आधी काढा. एक्सपाथचं नॉर्मलाइझ-स्पेस ही शेवटची जागा ओळखत नाही. रक्कम वाचणं, आकडा करणं हे काम पानापानांत विखुरलेलं असेल तर ते एका रीड_रक्कममध्ये आणा.

जुनं ते नवं, टेस्ट न मोडता

साठ हेल्पर एका दिवसात काढू नका. आधी फाइंड, क्लिक, टाइप, रीड, सिलेक्ट, इज_व्हिजिबल, वेट_गॉन एका बेसपेजमध्ये (सगळ्या पानांच्या क्लासच्या मूळ क्लासमध्ये) लिहा. मग जुन्या प्रत्येक हेल्परचा देह काढून आत नव्याला बोलावणारी एक ओळ ठेवा: क्लिक_बाय_आयडी(मूल्य) आता क्लिक((बाय.आयडी, मूल्य)) एवढंच करतो. टेस्ट फायलींना अजून हात लावलेला नाही, पण वागणूक बदलली आहे, म्हणून सगळ्या टेस्ट चालवा. इथे ज्या टेस्ट पडतील त्यांतल्या बऱ्याच पूर्वी फॉल्स गिळून खोट्या पास होत होत्या. त्या दुरुस्त करा. हेल्पर पुन्हा सैल करू नका.

त्यानंतर जुन्या हेल्परमध्ये वॉर्निंग घाला. डेप्रिकेशन-वॉर्निंगपासून स्वतःचा एक क्लास काढा आणि स्टॅकलेव्हल 2 द्या, म्हणजे वॉर्निंग हेल्परची ओळ न दाखवता त्याला बोलावणाऱ्या टेस्टची ओळ दाखवते. पायटेस्ट रनच्या शेवटी या वॉर्निंगची यादी छापतो, तीच तुमची कामाची यादी. स्वतःचा क्लास यासाठी की पुढे फिल्टरवॉर्निंग्जमध्ये फक्त तेवढ्यालाच एरर करता येतं. सगळ्या डेप्रिकेशन-वॉर्निंगना एरर केलं तर तुमच्या हातात नसलेल्या लायब्ररींच्या वॉर्निंगनेही टेस्ट पडतील. एकेक पान घेऊन लोकेटर वर न्या, टेस्टमधले उल्लेख बदला, यादीतून नाव गेलं की हेल्पर पुसा. यांत्रिक बदल आणि अर्थाचा बदल एकाच कमिटमध्ये मिसळू नका, नाहीतर पडलेल्या टेस्टचं कारण गिटच्या बायसेक्टने (दोष कोणत्या कमिटमध्ये आला ते शोधणाऱ्या सोयीने) सापडणार नाही.

प्लेराइटकडे जायचा विचार चालू असेल तर हे काम अर्ध्यावरच थांबवा. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलेल्या या साधनात लोकेटर हे आळशी मूल्यच असतं. प्रत्येक कृतीच्या वेळी ते नव्याने शोधलं जातं, त्यामुळे स्टेलचा प्रश्न येत नाही. क्लिकआधी एलिमेंट दिसतं आहे, हलत नाहीये, सक्षम आहे आणि क्लिक त्यालाच मिळणार आहे हे तो स्वतः तपासतो. एका लोकेटरला दोन एलिमेंट जुळले तर पहिलं गुपचूप न उचलता एरर देतो. म्हणजे वरचे फाइंड आणि क्लिक तिथे लिहायचेच नाहीत. क्लिक_बाय_आयडी तिकडे नेऊन त्याच्या आत प्लेराइटचा क्लिक बसवणं हा तर शुद्ध तोटा आहे: स्वतःच्या लपेटण्याने त्याचे चांगले एरर मेसेज झाकता आणि बदल्यात काहीच मिळत नाही. तिकडे न्यायचे ते लॉगिन(युजर), पत्ता_निवडा आणि रीड_रक्कम हे हेल्पर, कारण त्यांच्यात ब्राउझरपेक्षा तुमच्या साइटची माहिती जास्त आहे.